जिजाबाईनं लावलेला भाव

उन्हाळा तापू लागला की मध्यप्रांताचे लाटसाहेब फायलींच्या पेट्या, कारकून आणि खानसामे बरोबर घेऊन पचमढीला पळायचे. मागे उरलेल्या नागपुरात ज्यांच्याकडे पैसा होता ते सिव्हिल लाइन्समध्ये वाळ्याच्या ताट्यांवर नोकराकडून पाणी मारून घेत पडून राहायचे. आणि तांडापेठेतल्या विणकरांच्या गल्लीत ज्यांच्याकडे पचमढीही नव्हती आणि वाळाही नव्हता, त्यांची पोरं जिजाबाईच्या मागघरात येऊन बसायची.

मागघर म्हणजे तिच्या घराची पुढची खोली. विणकराची खोली मुळातच सखल, भिंती जाड, खिडकी बुटकी. कोरड्या हवेत मागावरचे धागे फटाफट तुटतात, म्हणून जमिनीवर पाणी शिंपून आणि कोपऱ्यात ओली पोती टाकून खोली सतत दमट ठेवावी लागते. जिजाबाईचा नवरा गणपतराव बत्तीस वर्षं त्या ओलाव्यात बसून लुगडी विणत आला. मागल्या पौषात तो गेला, माग थांबला, पण जिजाबाईची पाणी शिंपायची सवय काही गेली नाही. त्यामुळे बाहेर कावळे चोच वासून बसलेले असले तरी त्या खोलीत गारवा असायचा. मांजराला कुठं बसावं ते जसं बरोबर कळतं, तसं गल्लीतल्या पोट्ट्यांना ते कळलं होतं.

शिवाय तिथं खड्डा होता. विणकर मागापुढं बसतो तेव्हा त्याचे पाय ज्या खड्ड्यात असतात, तो गुडघाभर खोल खड्डा. त्यात जिजाबाईनं जुनं गोधडं अंथरलं होतं. रांगणारं पोर त्यात सोडलं की ते बसून खेळत राहायचं, कारण बाहेर निघायची अक्कल त्याला आलेली नसायची. ज्याला ती आली, तो मोठा झाला असं जिजाबाई समजायची. तिला स्वतःचं मूल नव्हतं, पण मूल मोठं झाल्याची खूण ठरवायला त्याची काही गरज पडली नाही.

पोरांच्या आया गिरणीत जायच्या. हातमागाचं काम उतरल्यापासून गल्लीतल्या अर्ध्या बाया गिरणीतच होत्या. एरवी तान्ह्याला घेऊन जाऊन गिरणीच्या आवारातल्या निंबाखाली एखाद्या पोट्टीच्या भरवशावर टाकता यायचं. चैत्र-वैशाखात त्या निंबाखालची जमीनसुद्धा तव्यासारखी तापायची. मग पहाटेच्या भोंग्याला एकेक जण दारात यायची, पोर जिजाबाईच्या कडेवर द्यायची आणि म्हणायची, "काकी, जराकसं पाहजो वं." हे जराकसं संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत चालायचं.

गणपतराव होता तोवर या जराकशाचा हिशेब करायची वेळ आली नाही. तो गेल्यावर अखजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, सणाला उमरेडहून बाबाराव आला, आणि ती वेळ आली.

बाबाराव जिजाबाईचा भाऊ. वयानं दोन वर्षं लहान, पण आवाजानं दहा वर्षं मोठा. तोही विणकरच. त्यानं पोटभर आमरस ओरपला, हात धुतला आणि खांद्यावरच्या पंच्याला पुसत निकाल दिला.

"बाई, आता इथं राहून तू करशील काय? माग चालवणारा माणूस गेला. एकट्या बाईनं घर धरून बसाचं म्हणजे काय गंमत हाये? चाल उमरेडले. माग इकून टाकू."

जिजाबाईला उमरेडला जायचं नव्हतं. भावाच्या घरी तिला कोणी उपाशी ठेवलं नसतं. भावजय स्वभावानं गरीब होती, हीच मोठी अडचण होती. वाईट असती तर भांडून तरी घेता आलं असतं. मागच्या दिवाळीला जिजाबाई चार दिवस तिथं राहिली, तर काडेपेटी कुठं आहे हे तिनं तीनदा विचारलं आणि भावजयीनं तीनदा गोड बोलून सांगितलं. चौथ्यांदा विचारायच्या भीतीनं ती दिवेलागणीला अंधारातच बसून राहिली होती. उरलेलं आयुष्य असं विचारून विचारून काढायची तिची तयारी नव्हती.

"मिरुगापर्यंत थांब," ती म्हणाली. मिरुग, म्हणजे मृग नक्षत्र, दीड महिन्यावर होता. "मिरुगाले ये. तोवर मायं पोट मीनं भरून दाखवलं तं मी इथंच राहीन. नाई तं एक शबूद न बोलता गाडीत बसीन."

"अन् भरशील कायच्यानं?"

हे तिलाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात खड्ड्यातलं एक पोर शिंकलं. जिजाबाईनं तिकडं पाहिलं.

"यायच्यानं," ती म्हणाली.

बाबाराव इतका हसला की त्याला ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर मात्र तो गंभीर झाला. "पोट्टे सांभाळाचे पैसे घेशील? गणपतरावाची बायको? लोक काय म्हणतीन वं? कोणाची आजी नातवाले झोपवाचे पैसे घेते का?" मग तो स्वतःच म्हणाला की बोलण्यात अर्थ नाही, मिरुगाला तो बैलगाडी घेऊनच येईल, माग आणि भांडी त्यात मावतील.

दुसऱ्या दिवशी पहाटे पहिली आली प्रेमिला. तिची सोनी वर्षाची होती आणि अंगानं पापडासारखी. जिजाबाईनं रात्रीच वाक्य तयार करून ठेवलं होतं, पण ऐन वेळी ते बोलवेना. याचं कारण साधं होतं. तिनं जन्मात कधी कशाचा भाव सांगितला नव्हता. लुगडं तयार झालं की गणपतराव ते इतवारी बाजारातल्या शेठपुढं ठेवायचा. शेठ ते उलटून पाहायचा, काठ ओढायचा, नाक मुरडायचा आणि आकडा बोलायचा. तो आकडा घेऊन गणपतराव घरी यायचा. आपण आकडा बोलायचा असतो आणि समोरच्यानं ऐकायचा असतो, अशी पद्धत तिच्या घराण्यात कोणी पाहिलेली नव्हती.

"प्रेमिला," ती शेवटी म्हणाली, "आता कसं हाये... तुले समजते. काईबाई देत जा वं."

"काय देऊ काकी?"

"तुया मनानं दे."

हा निरोप गल्लीभर झाला. दुसऱ्या दिवशी पोर सोडायला आलेल्या चंद्रकलानं एक कोहळं आणून दिलं. चंद्रकलाच्या भावाचं कळमन्याला वावर होतं आणि त्यात यंदा कोहळीच कोहळी लागली होती. बाकीच्या बायांनी चंद्रकलानं काय दिलं ते पाहिलं, तिच्याकडूनच स्वस्तात कोहळी घेतली आणि मनानं देऊन टाकली. हप्ताभरात जिजाबाईच्या घरात सात कोहळी झाली. तिनं भाजी केली, घारगे केले, पोट्ट्यांना उकडून घातलं. नवव्या दिवशी बाहेरून जाणारी बकरीदेखील कोहळ्याचं साल पाहून तोंड फिरवून गेली. मीठ, रॉकेल आणि ज्वारी मात्र कोणाच्या मनात आली नाही.

शेजारचा देवराव रोज तोच वास घेऊन कंटाळला आणि ओट्यावर येऊन बसला. सत्तरी उलटलेला हा म्हातारा एके काळी गल्लीतला नामांकित विणकर होता. आता डोळ्यांनी अधू झाला होता, पण धागा चिमटीत घेऊन नुसता चोळला तरी सूत कोणत्या नंबरचं ते सांगायचा. वीस नंबर म्हणजे जाडंभरडं, चादरीचं. चाळीस म्हणजे रोजच्या लुगड्याचं. ऐंशी म्हणजे बारीक, तलम, लग्नाच्या लुगड्याचं. नंबर जितका वर, तितकं सूत नाजूक, तितकं जास्त तुटणार आणि तितका भाव जास्त.

"वयनी," देवराव म्हणाला, "मनाचा भाव बाजारात चालत नसते. सुताले लावतो तसा नंबर लावा पोट्ट्यायले. जे घडीघडी तुटते, त्याचे जास्त. जे गपगुमान राहते, त्याचे कमी."

जिजाबाईला हे एकदम पटलं. सूत तिला कळत होतं. लगेच तिनं ओट्यावर पोरं एका रांगेत बसवली आणि देवरावनं तपासणी सुरू केली. एकेकाला मांडीवर घ्यायचं, दंड चाचपायचा, गालाला चिमटा काढायचा आणि रडायला किती वेळ लागतो ते पाहायचं. प्रेमिलाची सोनी चिमटा काढायच्या आधीच रडली. "ऐंशी," देवराव म्हणाला. चंद्रकलाचा बंडू दोन वर्षांचा, गोल गरगरीत, मिळेल ते खाणारा आणि पडेल तिथं झोपणारा. चिमटा काढल्यावर तो हसला. देवरावनं पुन्हा काढला, तर बंडूनं दुसरा गाल पुढं केला. "वीस. कधी तुटायचं नाई हे सूत," देवरावनं समाधानानं सांगितलं.

भाव ठरला. वीस नंबरी पोराचे हप्त्याला दीड आणा, चाळीसचे अडीच, ऐंशीचे चार. संध्याकाळी आया आल्या तेव्हा जिजाबाईनं प्रत्येकीला तिच्या पोराचा नंबर सांगितला. आता आकडा बोलायला तिची जीभ अडली नाही, कारण आकडा देवरावचा होता.

तिला वाटलं, चंद्रकला खूश होईल. सगळ्यांत कमी पैसे तिलाच लागणार होते. चंद्रकला मान डोलावून गेली, घरी पोचली, चूल पेटवली, आणि मग तिला त्याचा अर्थ लागला. ती फुंकणी हातात घेऊनच परत आली.

"माया पोट्टा वीस नंबरी? काहून? बैलाची झूल इणाची हाये का त्याच्यापासून?"

"अवं, चांगलं हाये ते. पोट्टा गरीब हाये तुया."

"गरीब असन तं त्याचा बाप! त्या प्रेमिलाची काडीवाणी पोट्टी ऐंशी नंबरी, अन् माया बंडू चादर? माया सासऱ्यानं शंभर नंबरी सुताचं लुगडं इणलं होतं काकी. त्याचा नातू हाये हा."

विणकराच्या घरात जाड्या सुताची लाज काय असते ते जिजाबाईला ठाऊक होतं. तिलाही क्षणभर वाटलं की आपण फार वाईट बोलून बसलो. ती म्हणाली की हा वजनाचा विषय नाही, रडण्याचा आहे.

"मग रडते की तो! काल रातच्याले किती रडला! आमी सारे जागे होतो." हे बोलताना चंद्रकलाच्या चेहऱ्यावर अभिमान फुलला. तिनं पदराची गाठ सोडली आणि चार आणे जिजाबाईच्या हातावर आपटले. "ऐंशी लावा."

पुढचे पंधरा दिवस तांडापेठेच्या त्या गल्लीत जे चाललं, ते कधी कुठं चाललं नसेल. नळावर, पिठाच्या गिरणीत, गल्लीच्या तोंडाशी, जिथं दोन बाया भेटतील तिथं आपलं पोर किती वाईट आहे याच्या बढाया सुरू झाल्या. माझा दूध पीत नाही. माझी तर रात्रभर डोळा मिटत नाही. माझ्यानं काल आजीला चावा घेतला. एरवी पोराची खोडी लपवणाऱ्या आया ती वाढवून सांगू लागल्या. वीस नंबर कोणालाच नको होता, चाळीस नाइलाज म्हणून, आणि ऐंशीला गर्दी. प्रेमिलाला वाटलं की सगळेच ऐंशी झाले तर सोनीची किंमत काय राहिली, म्हणून तिनं शंभर मागितला. देवरावला रोज संध्याकाळी अपिलं ऐकावी लागत. म्हाताऱ्याला अशी मान्यता बऱ्याच वर्षांनी मिळत होती, त्यामुळे तो कोणाला नाही म्हणत नव्हता.

जिजाबाईच्या घरात ज्वारी आली, मीठ आलं, कंदिलात रॉकेल आलं. मिरुगाला तीन हप्ते उरले होते. बाबाराव येऊन काय पाहील याची चित्रं ती मनात रंगवू लागली आणि स्वतःशीच हसू लागली.

मग एका पहाटे रुख्मा आली. ती गल्लीच्या शेवटच्या खोलीत राहायची. नवरा कामासाठी गोंदियाकडे गेला होता. त्याची पत्रं यायची, पैसे यायचे नाहीत. तिची चिमी चार वर्षांची होती, आणि तिला सूत म्हणायचं तर असा धागा कोणत्याही गिरणीनं काढला नव्हता. ती खड्ड्यात बसायची नाही. ती मागावर चढायची, पोरांच्या हातातलं खायची, आणि झोपलेल्यांच्या कानात ओरडायची. दिवसभरातला जिजाबाईचा अर्धा जीव एकटी चिमी खायची.

रुख्मानं इकडंतिकडं पाहून आवाज खाली केला. "काकी, माई पोट्टी वीस नंबरी धरजो. मले चार आणे नाई होत. लोकायसमोर नको बोलू पण."

त्या वेळी चिमी मागाच्या आडव्या दांड्यावर उलटी लटकून दोघींकडं पाहत होती.

"वीसच हाये ते," जिजाबाई म्हणाली.

दुपारी पोरं झोपली तरी तिला झोप येईना. ऊन दारावर धडका मारत होतं आणि ती ओल्या जमिनीवर आडवी पडून छपराकडं पाहत होती. बंडू आत्ता खड्ड्यात शहाण्यासारखा झोपला होता. दिवसातून दोनदा भाकर दिली की त्याचं सगळं भागायचं. त्याचे चार आणे. आणि चिमीचा दीड. हे काय विणून बसलो आपण? एकदा शेठनं चुकून साठ नंबरी लुगड्याला ऐंशीचा भाव दिला, तर गणपतराव घरी आलेला तसाच भर वैशाखात इतवारीपर्यंत चालत गेला आणि फरक परत देऊन आला. त्या दिवशी ती त्याला भोळसट म्हणाली होती, जेवतानाही बोलली नव्हती. आज ती स्वतः वीस नंबरी सूत ऐंशीच्या भावानं विकत होती, आणि ते कोणी ओळखलं नाही म्हणून खूश होत होती. तिला स्वतःची फार लाज वाटली.

पण लाजेच्या मागोमाग आणखी एक विचार आला आणि ती उठूनच बसली. बत्तीस वर्षं गणपतरावच्या धोट्यात, मागावर आडवा धागा टाकणाऱ्या त्या लाकडी होडीत, जाणारी सुताची प्रत्येक कांडी तिनं भरली होती. पहाटे उठून रहाटावर बसायचं, आणि तो विणत राहील तोवर कांड्या भरत राहायचं. शेठनं लुगडं उलटून पाहिलं, काठ पाहिला, सुताचा नंबर पाहिला. त्या लुगड्यात तिचे दिवस गेले होते ते कोणी पाहिले नाहीत, कारण भाव सुताचा होता. आणि आता भाव लावायची पाळी तिच्यावर आली, तर तिनंही सुताचाच लावला. पोर नाजूक की जाडं हे तिनं विणलं नव्हतं. तिच्याजवळ विकायला होता तो फक्त तिचा दिवस, आणि तो बंडूसाठी आणि चिमीसाठी वेगवेगळा उगवत नव्हता.

रविवारी गिरणी बंद असते. तिनं सगळ्या बायांना मागघरात बोलावलं. दहा पोरांच्या दहा आया आल्या, आणि देवराव आपणहून आला.

"एका हप्त्याले मले दीड रुपया लागते," जिजाबाई उभी राहून म्हणाली. "ज्वारी, मीठ, तेल, रॉकेल, सारं धरून. पोट्टे दहा. म्हणून पोट्ट्यामागं अडीच आणे. साऱ्यायले सारखे. एखादा आणा वर उरते, तो माया."

बोलून झाल्यावर तिनं एकेकीकडं नीट पाहिलं.

"अन् नंबर?" चंद्रकलानं विचारलं.

"नंबर नाई. हा भाव पोट्ट्याचा नाई, माया हाये."

ज्यांचे चार आणे जात होते त्यांना दीड आणा वाचल्याचा आनंद व्हायला हवा होता. उलट त्यांची तोंडं पडली. देवराव तर सरळ रुसला. इतक्या बारकाईनं केलेली तपासणी पाण्यात गेली असं पुटपुटत तो काठी टेकत निघून गेला आणि चार दिवस बोलला नाही. चंद्रकला ठसक्यात उठली. "काल ऐंशी नंबरी होता, आज साऱ्यायच्या भावात गेला? मले नाई ठेवाचा इथं." तिनं बंडूला काखोटीला मारलं. तिच्यामागं आणखी दोघी गेल्या.

सात पोरं राहिली. सातात ज्वारी भागत होती आणि तेल भागत नव्हतं. मिरुग आठ दिवसांवर होता. रात्री जिजाबाईला वाटायचं, सकाळी जाऊन चंद्रकलाला म्हणावं, बाई, बंडूचा ऐंशी नंबर घे आणि मला इथं राहू दे. ते वाक्य तोंडापर्यंत यायचं. सकाळी ती पाणी शिंपायची, पोरं घ्यायची आणि चंद्रकलाच्या दाराकडं न पाहता आत वळायची. तिला भीती वाटत होती, पण भाव तिनं सोडला नाही.

चंद्रकलानं बंडूला घरी एका लांबच्या नणंदेजवळ ठेवलं होतं. पत्र्याचं छप्पर, पश्चिमेची भिंत. पाचव्या दिवशी भर दुपारी जिजाबाईच्या दाराला खालून धक्का बसला. बंडू एकटाच उभा होता. चड्डी हातात होती. तो सरळ खड्ड्याशी गेला, सोनीला बाजूला सरकवलं, आत उतरला आणि झोपला.

संध्याकाळी चंद्रकला शोधत शोधत आली. पोर पाहून तिचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच तोंड लाल झालं. बंडू उठायला तयार नव्हता. ओढलं तर त्यानं जन्मात पहिल्यांदा असा टाहो फोडला की देवराव आपल्या घरातून ओरडला, "शंभर!"

चंद्रकलाला हसू आवरेना. ती ओट्यावरच बसली आणि डोळ्याला पदर लावून हसत राहिली. मग तिनं पैसे मोजले. "घ्या काकी. अडीच तं अडीच." दोन दिवसांत बाकीच्या दोघीही आल्या.

मिरुगाच्या दिवशी सकाळीच बाबारावची बैलगाडी दारात उभी राहिली. गाडीत इतवारीत विकायची लुगडी होती, माग बांधायला दोर होते, आणि त्याचा तीन वर्षांचा नातू शालिक होता. बाबाराव आत यायला निघाला आणि उंबऱ्यातच थांबला, कारण पाय टाकायला जमीन दिसत नव्हती.

"हे काय वं बाई? शाळा काढली का?" मग त्याला आपलं काम आठवलं. "बरं, मी लुगडे इकून येतो. तू बोचकं बांधून ठेव. अन् तोवर शालिकले जराकसं पाहजो."

"अडीच आणे," जिजाबाई म्हणाली.

"काय?"

"हप्त्याचे. एका दिवसाचा येगळा भाव नाई."

तो हसला. ती हसली नाही, तेव्हा त्याचं हसू हळूहळू खाली उतरलं. "अवं, माया नातू हाये तो! तुया रक्ताचा! भावाकून पैसे घेशील?"

"ही रुख्माची पोट्टी बी कोणाची तरी नातच हाये गा."

"लोक काय म्हणतीन?"

"लोकायचे पोट्टे इथंच हायेत. इचारून पाहा," ती म्हणाली, आणि शालिकला त्याच्या हातातून घेऊन खड्ड्यात सोडलं. बाबाराव गाडी हाकत गेला.

संध्याकाळी तो परतला तेव्हा दमलेला होता. शेठनं प्रत्येक लुगड्याचा काठ ओढून भाव पाडला होता. तो घोटभर पाणी प्यायला आणि न विचारता सरळ स्वयंपाकघरात गेला. ज्वारीच्या मडक्यात कोपरापर्यंत हात घातला. मिठाचं गाडगं उघडलं. तेलाची बाटली उजेडाकडं धरली, कंदील हलवून पाहिला. जिजाबाई दारात उभी राहून त्याला पाहू देत होती.

"आता पावसाळा लागन," तो बाहेर येऊन म्हणाला. "उन्हाळा सरला की हे पोट्टे कोण आणून सोडन?"

त्याच वेळी प्रेमिला सोनीला न्यायला आली आणि दारातूनच म्हणाली, "काकी, हे पुढच्या हप्त्याचे. अन् रुख्मा इचारून राहिली होती, पावसाळ्यातबी चिमीले ठेवसान नं? गिरणीच्या आवारात चिखल होते."

"ठेवीन," जिजाबाई म्हणाली.

प्रेमिला गेली. बाबाराव ओट्यावर बसला. बैलांनी माना हलवल्या, गाडीतले दोर तसेच पडून होते. शालिक आत बंडूच्या पोटावर डोकं ठेवून झोपला होता. मग बाबारावनं बंडीच्या खिशातून अडीच आणे काढले आणि बहिणीच्या तळहातावर ठेवले. हात मागं घेताना त्याची नजर खाली होती.

"बाई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच तिच्याहून दोन वर्षांनी लहान वाटला, "सुनेले सातवा महिना लागला. पोळ्याच्या सुमाराले शालिकले महिनाभर इथं ठेवाचं होतं. ठेवशील का?"

जिजाबाईनं आत वळून खड्ड्याकडं पाहिलं, खोली नजरेनं मोजली.

"त्या टायमाले जागा असली तं ठेवीन," ती म्हणाली. "आधी निरोप धाडजो."

बाबारावनं मान डोलावली, झोपलेल्या नातवाला खांद्यावर घेतलं आणि रिकामी गाडी उमरेडच्या वाटेला लावली. गाडी वळणापलीकडं जाईपर्यंत जिजाबाई दारात उभी राहून हसत होती. मग गल्लीत कोणी पाहत नाही असं बघून ती थोडी रडली, आणि कंदील पेटवायला आत गेली.